एक बाई होती

"हे पाहा काकू, इथं," म्हणत दीपमालेनं खुर्ची ओढली आणि इंदूबाईंना कम्प्युटरपुढं बसवलं. "हे तुमचं नाव."

"माह्यं?"

"मंग कोनाचं?"

इंदूबाईंनी बाजाराची थैली मांडीवर घट्ट धरली. अक्षरओळख नव्हती, तरी डोळे बारीक करून त्या पडद्याकडं पाहत राहिल्या. आपलं नाव असं दिसतं, हे त्यांना आज कळत होतं.

दारव्ह्याचा बाजार होता म्हणून दोघी जीपनं आल्या होत्या आणि बाजार आटोपून सायबर कॅफेत शिरल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी, २००६ साली, पेपरवाले गावोगाव फिरत होते ते आत्महत्या करून मेलेल्या शेतकऱ्यांची गणती करायला. जित्या बायकांकडं कुणी ढुंकूनही पाहत नाही, याचा दीपमालेला भारी राग आला. तिनं कॉलेजातल्या तीन मैत्रिणींना कामाला लावलं आणि चौघींनी मिळून ब्लॉग काढला. कापूस वेचताना बाया ओळीत ज्या गोष्टी सांगतात, त्या ऐकायच्या आणि लिहायच्या. सांगणारीचं नावगाव टाकायचं नाही, एवढं ठरलं होतं. चार दिवसांपूर्वी पन्नासावी गोष्ट झाली, तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. जिच्या तोंडून ऐकलं तिचे आभार तरी मानावेत, म्हणून तिनं ब्लॉगवर आभाराची नोंद टाकली आणि गोष्टीच्या नंबरापुढं सांगणारीचं नाव लिहिलं. चौदावी गोष्ट, इंदूबाई. शिवाय इंदूबाईंची भाची प्रेरणा पुण्यात नोकरीला होती. तिलाही हौसेनं कळवलं, की तुझ्या मावशीचं नाव आलंय, वाच.

ओळीतल्या गोष्टीची एक रीत असते. सुरुवात कायम 'एक बाई होती' अशी. ती बाई कोण, हे कुणी विचारत नाही; सगळ्यांना ठाऊक असतं. दीपमालेनं कापूस वेचला तो सुट्टीपुरता, तिला ती बाई खरंच कुठलीतरी बाई वाटली. शिकलेल्या पोरीची अक्कल कधीकधी अशी गहाण पडते.

आभारांच्या खाली कुणीतरी काही लिहिलं होतं. तिनं आनंदानं ते उघडलं.

'मावशी, आई गमतीनं नेहमी सांगते, की मी तान्ही असताना लोहाऱ्याच्या फाट्यावर जागा धरायला मला एसटीच्या खिडकीतून आत घेतलं होतं. तुझ्या गोष्टीतल्या बाईनंही वीस दिवसांची पोर त्याच फाट्यावर, खिडकीतूनच बहिणीच्या हाती दिली. ती बाई कोण? – प्रेरणा.'

दीपमालेनं ते पुन्हा एकदा वाचलं.

"काय लिवलं व?"

"काही नाही. छान हाये म्हणते."

"मंग तुह्यं तोंड काहून उतरलं? वाच."

खोटं बोलणं सोपं होतं. समोरच्या बाईला एक अक्षर येत नव्हतं. पण त्या आपल्या तोंडाकडं पाहत होत्या, आणि दीपमालेच्यानं ते झालं नाही. तिनं वाचलं. शेवटच्या नावापर्यंत.

इंदूबाई हलल्या नाहीत. थैलीतून दोन वांगी घरंगळून खाली गेली, त्यांचंही त्यांना भान नव्हतं. 

"बहिणीले शब्द देल्ला होता मी," त्या म्हणाल्या. "बुद्धाच्या फोटोपुढं. मरेपर्यंत बोलनार नाही म्हनून."

"माही चूक झाली काकू. मले मालूम नव्हतं. आता पुसते. नाव बी, गोष्ट बी. सारं जाते एका मिनिटात." दीपमालेला रडू येत होतं. तिनं माऊस पकडला.

इंदूबाईंनी बोंडांनी ओरखडलेल्या बोटांनी तिचं मनगट धरलं. 

"कवा लिवलं तिनं हे?"

"काल दुपारी."

"तवापासून वाट पाहून राह्यली?"

"हो."

इंदूबाईंनी पडद्याकडं पाहिलं.

"मंग पुसू नोको," त्या म्हणाल्या. "पुसलं तं तिले वाटन, मायनं नाही म्हनलं."