सत्तेचाळीस नंबरचा मुखवटा

मी एक जुना मुखवटा आहे, मित्रांनो. नाटकातला नव्हे, वेल्डिंगचा. कारखान्यात मला हेल्मेट म्हणतात. कपाळाला तडा गेला आहे, हनुवटी वितळून वाकडी झाली आहे आणि डोक्याचा पट्टा एका बाजूने तारेवर तगून आहे. तरीही सांगतो, माझ्याकडे रोखून पाहताना खुद्द सूर्याने दोनदा मान फिरवली आहे. सुरतेजवळ आमचा कारखाना आहे त्या इच्छापोरला कुणालाही विचारा. ‘तेव्हा ढग आला होता’ असं कुणी म्हणालं, तर तो माझ्यावर जळतो एवढंच समजा.

मला घडवणाऱ्यांनी चेहरा दिला, तोंड दिलं नाही. डोळ्यांच्या जागी एक काळी काच बसवली आणि तिच्याभोवती पत्र्याची चौकट. उधना दरवाजाजवळच्या दुकानात मी टांगलेला असताना प्रज्ञेशने मला उचललं, डोक्यावर चढवलं आणि आरशात पाहून स्वतःच घाबरला. तेव्हापासून आम्ही एकत्र.

प्रज्ञेशचे वडील भाऊराव विदर्भातून रेल्वेच्या कामाला सुरतेत आले आणि लिंबायतला राहिले. प्रज्ञेश मगनभाई नावाच्या ठेकेदाराकडे लागला. तिथे लोखंडाच्या मोठमोठ्या टाक्या बनत. पहिलं वर्ष तो हेल्पर होता. मग त्याने वेल्डरची परीक्षा दिली, पास झाला आणि त्याला नंबर मिळाला, सत्तेचाळीस. टाकीचा जोड ज्याने मारला, त्याने जोडाशेजारी लोखंडात आपला नंबर पंचाने, म्हणजे टोकाला आकडा कोरलेल्या पोलादी खिळ्याने, ठोकायचा, अशी रीत आहे. उद्या टाकी गळली तर हात कुणाचा, ते कळायला हवं. अकरा वर्षांत सत्तेचाळीस नंबरचा एकही जोड गळला नाही. एका टाकीत तर मगनभाईंची शिंक अडकली. जोड इतका पक्का, की ती अजून आत फिरते आहे. कान लावलात तर ऐकू येईल.

आमचं एक गुपितही होतं. प्रज्ञेशला इंग्रजी बोलायची फार लाज. पण मला खाली ओढलं, की त्याचा चेहरा कुणाला दिसत नसे आणि ठिणग्यांच्या तडतडाटात आवाजही पोचत नसे. मग तो माझ्या आत बोले, “गुड मॉर्निंग. माय नेम इज प्रज्ञेश. आय लिव्ह इन सुरत.” उत्तरही तोच देई, जाड आवाजात. माझ्या आत दोन साहेब रोज गप्पा मारत आणि बाहेरच्यांना वाटे, बिचारा कामात बुडाला आहे.

हे सगळं चालू झालं ते त्याच्या बायकोमुळे, चैतालीमुळे. परदेशात वेल्डर हवे आहेत, कायमचं राहता येतं, असं तिने वाचलं होतं. पण तिथे जायचं तर गुण मिळवावे लागतात. वयाचे गुण, शिक्षणाचे, भाषेचे, अनुभवाचे. बायकोच्या शिक्षणाचेसुद्धा. सगळ्यांची बेरीज करून माणसांची एक लांबलचक यादी लावतात आणि अधूनमधून वरच्या काही जणांना बोलावणं धाडतात. खालचे थांबतात. थांबता थांबता वय वाढतं आणि वय वाढलं की गुण उतरतात. प्रज्ञेश अडतीस वर्षांचा होता आणि दिवाळीनंतर त्याला एकोणचाळीस पूर्ण होणार होती.

“मी उधन्याला उतरलो तेव्हा माझे गुण कोणी मोजले नव्हते,” भाऊराव म्हणाले. “मुकादमाने विचारलं, फावडं धरता येतं का? मी म्हटलं, हो. झालं.”

“बाबा, मुकादमाची पण यादी असेलच,” चैताली म्हणाली. “तुम्हाला दाखवली नाही एवढंच.”

त्याच आठवड्यात कारखान्यात सुरक्षेवाले साहेब आले. त्यांच्याकडेही फॉर्म होता. तडा आहे का? आहे. वय किती? बारा वर्षं. त्यांनी माझ्या कपाळावर लाल चिठ्ठी चिकटवली, ‘बाद’. माझी काच त्यांनी उचलूनसुद्धा पाहिली नाही. प्रज्ञेशने मला भंगारात टाकलं नाही, पिशवीत घालून घरी आणलं.

घरी चैताली मोबाईलवर फॉर्म भरत बसली होती. अनुभवाच्या रकान्याशी येऊन ती थांबली. मालकाचं पत्र हवं होतं. हुद्दा कोणता, कामं कोणती, आठवड्याचे तास किती, सगळं त्यात पाहिजे. आणि प्रज्ञेशच्या कारखान्यातल्या कार्डावर अजूनही बारा वर्षांपूर्वीचाच शब्द होता, हेल्पर. तो बदलायचं कुणाला सुचलंच नव्हतं. हेल्परचं काम तिकडे कुशल कामात धरत नाहीत. म्हणजे अकरा वर्षांचे गुण किती? शून्य.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं मगनभाईंच्या ऑफिसात गेलो. मी पिशवीत होतो, पण एक डोळा बाहेर.

मगनभाई बशीत चहा ओतत होते. “प्रज्ञेशभाई, कार्डावर हेल्पर आहे, तर पत्रात पण हेल्परच येणार ने? मी खोटं कसं लिहू?” त्यांना आपला सर्वांत चांगला वेल्डर सोडायचा नव्हता, एवढीच खरी गोष्ट होती.

प्रज्ञेशची मान खाली गेली. मला राग आला. अकरा वर्षं मी त्याला लोखंडाकडे पाहताना मान झुकवायला मदत केली, ती माणसांपुढे झुकवण्यासाठी नव्हे.

“बरोबर आहे, मगनभाई,” चैताली म्हणाली. “खोटं नकोच. हेल्परच लिहा. फक्त खाली अजून एक ओळ टाका.”

“बोला ने, बेन.”

“की अकरा वर्षं सत्तेचाळीस नंबरचे सगळे जोड आमच्या हेल्परने मारले. ज्या कंपन्यांनी टाक्या घेतल्या, त्यांना एकेक प्रत आम्हीच नेऊन देतो. त्यांच्या रजिस्टरमध्ये नंबर आहेतच, ताडून बघतील.”

बशी अर्ध्यात थांबली. जोड परीक्षा पास वेल्डरनेच मारायचा, हेल्परने मारलेला जोड म्हणजे अख्खी टाकी परत, हे त्या ऑफिसातल्या पंख्यालासुद्धा ठाऊक होतं. तोही दोन फेरे चुकला.

“बेन, एवढं लांब कशाला जाता,” मगनभाई म्हणाले. “घरचीच माणसं आपण.”

“घरचीच आहोत. म्हणून पायी आलो, वकील घेऊन नाही.”

पत्र टाईप झालं. वेल्डर, अकरा वर्षं, आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास. प्रज्ञेशने ते तीनदा वाचलं आणि मग मान वर करून म्हणाला, “मगनभाई, कार्डावरचा शब्द पण बदला. इथे आहे तोवर मी इथेही वेल्डरच आहे.” कार्डही बदललं.

आता सगळं सुरळीत झालं असं वाटलं ना, मित्रांनो? गेल्या वेळच्या बोलावण्याची रेषा अजून सहा गुण वर होती. दिवाळी झाली, वाढदिवस आला, त्याने आणखी पाच खाल्ले. सहाचे अकरा झाले. पण एक रकाना वाढदिवसाच्या हाती लागत नाही, तो भाषेचा. पहिल्या खेपेला इंग्रजीच्या परीक्षेत प्रज्ञेश बोलताना अडखळला होता, ती त्याने पुन्हा द्यायची ठरवली.

परीक्षेला त्याने मला पिशवीतून नेलं. दारावरच्या बाईंनी पिशवी बाहेर ठेवायला सांगितली. मी चैतालीच्या मांडीवर बसून होतो. आत माझ्याशिवाय, उघड्या चेहऱ्याने तो कसा बोलणार, या काळजीने माझ्या काचेला घाम फुटला.

तो बाहेर आला, तेव्हा हसत होता.

“काय विचारलं?” चैतालीने विचारलं.

“काम काय करता म्हणे. मी सांगितलं.” आणि रिक्षांच्या गर्दीत, दहा माणसांच्या देखत, तो मोठ्याने म्हणाला, “आय ॲम अ वेल्डर. माय नंबर इज फॉर्टी-सेवन.”

निकाल आला, तेरा गुण वाढले. जुनी रेषा त्याने ओलांडली आहे. नवी कुठे ओढतील ते आम्हाला माहीत नाही. ओढू दे. रेषा त्यांची, नंबर आमचा.

रात्री लपूनछपून नव्हे, चांगल्या भरदुपारी, शेजाऱ्यांच्या देखत प्रज्ञेशने माझ्या कपाळावरची लाल चिठ्ठी खरवडून काढली. पंच घेतला, हातोडी घेतली आणि काचेभोवतीच्या पत्र्याच्या चौकटीवर दोन आकडे ठोकले. चार आणि सात.

“हे आणि कशाला?” भाऊरावांनी विचारलं.

“हा गळला तर हात कुणाचा, ते कळायला हवं, बाबा.”

तर मित्रांनो, आपली हत्यारं पुसून ठेवा, तडा गेला म्हणून फेकू नका. आणि आपल्या नावापुढे कोण काय लिहून ठेवतं, तेही अधूनमधून वाचत जा. चूक दिसली तर पंच मागून घ्या.