उंचीनं भरलेलं खोकं

लायब्ररीचं छत गळायला लागलं आणि दुरुस्तीसाठी तीन महिने दारं बंद राहणार असं ठरलं, तेव्हा ग्रंथपाल बाईंनी सभासदांना गळ घातली, की प्रत्येकानं पुस्तकांचं एकेक खोकं घरी सांभाळावं. वाचायला हरकत नाही, फक्त ओलं होऊ द्यायचं नाही.

चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या एकीनं लगेच होकार दिला. तिचं आपलं गणित होतं. पंधरा वर्षं ती या लायब्ररीची सभासद होती आणि पंधरा वर्षांत तिनं रहस्यकथांच्या कपाटापलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. दिवसभर काच मापात घासून फ्रेममध्ये बसवायची, मिलिमीटरभर इकडेतिकडे झालं की सगळं मुसळ केरात. अशा कामानंतर कुणाचा तरी खून झालेला असला आणि दुसरंच कुणीतरी तो शोधत असलं, की तिला बरं वाटायचं. आता तीन महिन्यांची बेगमी घरबसल्या होणार होती.

घरी येऊन तिनं खोकं फोडलं आणि कपाळाला हात लावला. तीस पुस्तकांत खून फक्त एक. बाकी मुंग्यांवरचं एक जाडजूड पुस्तक, डोळ्यांच्या एका डॉक्टरचं आत्मचरित्र, नकाशे कसे काढत गेले त्याचा इतिहास, पूल बांधणाऱ्या इंजिनियरच्या आठवणी, कुणाकुणाची पत्रं, चार-पाच कादंबऱ्या, असला सगळा शंभुमेळा. तिनं ग्रंथपाल बाईंना फोन लावला. बाईंनी थंडपणे सांगितलं, की खोकी विषयानं भरली तर अर्धी जागा वाया जाते, म्हणून पुस्तकं उंचीनं लावली. तुमच्या वाट्याला बुटकी आली.

घरात ती आणि तिचे सासरे अशी दोनच माणसं. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा आणि महिन्यातून चारेक दिवस घरी असायचा. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. उभा जन्म त्यांनी वजनकाटे दुरुस्त करण्यात घालवला होता. दुकानांतले, गोदामांतले, एका सोनाराचासुद्धा. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. सून आणि सासरा एकमेकांशी वाईट वागत नव्हते, पण बोलायला विषय नव्हता. जेवण वाढलंय, औषध घेतलंत का, लाइट बिल आलंय, एवढ्यावर त्यांचं भागत होतं. अण्णा वर्तमानपत्र वाचत, तेही अग्रलेख सोडून. कथाकादंबऱ्यांना ते थापा म्हणत. न घडलेल्या गोष्टी माणूस तीनशे पानं कशाला सांगेल, असा त्यांचा रोकडा सवाल होता.

खुनाचं पुस्तक दोन दिवसांत संपलं. तिसऱ्या दिवशी नाइलाजानं तिनं मुंग्या उघडल्या. पन्नासाव्या पानापर्यंत तिचा चहा गार झाला होता. पुढच्या रविवारी ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उकिडवी बसून साखरेच्या कणाकडे निघालेली रांग बघत होती, तेव्हा अण्णांनी काय हरवलंय ते विचारलं. तिनं सांगितलं की काही नाही, ही पुढची मुंगी वाट विसरते का ते बघतेय. मग अण्णाही थोडा वेळ उभे राहून बघत राहिले.

मग डॉक्टरचं आत्मचरित्र. ते वाचल्यावर तिला पहिल्यांदाच कळलं, की आपण घासतो ती काच नेमकं काय करते. इतकी वर्षं ती फक्त आकडे बघून काम करत होती. दुकानात चष्मा न्यायला आलेल्या एका म्हाताऱ्या बाईला तिनं आपणहून विचारलं, आता नीट दिसतंय का, आणि त्या बाईनं दहा मिनिटं काय काय दिसतंय ते सांगितलं. मालकानं दोनदा घड्याळाकडे पाहिलं.

इकडे अण्णांनी पुलाचं पुस्तक पळवलं. ते खरं होतं, त्यात टनांचे हिशेब होते, म्हणून त्यांना चाललं. ते संपल्यावर नकाशे संपवले. मग खरी पुस्तकं सुनेच्या हातात आणि थापा तेवढ्या खोक्यात, अशी वेळ आली. एका दुपारी घरी कुणी नसताना अण्णांनी त्यातली सगळ्यात बारीक कादंबरी उचलली. एका इस्त्रीवाल्या बाईची गोष्ट होती. नवरा मारत नाही, दारू पीत नाही, आणि तरी एका सकाळी ती लहान मुलीला घेऊन बसमध्ये बसते आणि अनोळखी गावात उतरते. तिथंच पुस्तक संपतं.

सून कामावरून आली तेव्हा अण्णा दारातच पुस्तक घेऊन बसले होते.

"या बाईचं पुढं काय झालं?"

"पुस्तक संपलं, अण्णा."

"ते कळलं मला. पण तिचं पुढं काय झालं?"

तिनं चपला काढल्या, पाणी प्यायली. माहीत नाही, लिहिणाऱ्यानं सांगितलं नाही, असं म्हणाली. अण्णांना ते पटलं नाही. दोन दिवस ते धड जेवले नाहीत. ती गेली तरी का, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत राहिले. तिसऱ्या दिवशी भाजी निवडत असलेल्या सुनेसमोर बसून त्यांनी सांगून टाकलं: "तुझी सासू अशीच गेली होती. तुझा नवरा दोन वर्षांचा होता. आठ महिने माहेरी राहिली आणि मग आली परत. का गेली ते मी कधी विचारलं नाही."

सुनेला हे ठाऊक नव्हतं. तिच्या नवऱ्यालाही नसावं. सासूबाईंना वारून बारा वर्षं झाली होती, आता विचारणार कुणाला. थोडा विचार करून तिनं सुचवलं, की मावशींना माहीत असेल. मावशी म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण. अण्णा नको म्हणाले, मग दुसऱ्या दिवशी स्वतःच नंबर मागून घेतला.

फोनवर अण्णांनी सरळ विचारलं, ती का गेली होती. मावशी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही घरातल्या पिठाचं वजन करायचात. दर शनिवारी. पीठ, तांदूळ, साखर. ताई म्हणायची, माझ्यावर पहारा ठेवलाय."

शनिवारी अण्णा दुरुस्त झालेले काटे घरी आणायचे. सोमवारी गिऱ्हाइकाला देण्याआधी तपासून बघायचे, आणि वजनं दुरुस्तीच्या दुकानातच असल्यामुळे घरात जे हाताशी असेल ते ठेवून बघायचे. पिठाचा डबा एका काट्यावर, मग दुसऱ्यावर, दोन्हीकडे सारखा भरतो का. डब्यात पीठ किती आहे याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. हे त्यांनी मावशींना सांगितलं.

"तिला सांगितलं असतंत तर," मावशी एवढंच म्हणाल्या.

"तिनं विचारलं असतं तर," अण्णा म्हणाले, आणि लगेच म्हणाले, "नाही, मीच सांगायला हवं होतं."

त्यानंतर त्यांनी रडारड केली नाही. मात्र जेवताना बोलायला लागले. सासूबाई परत आल्या त्या दिवशी काय नेसल्या होत्या, दारात उभं राहून मुलाला कसं पुढं केलं, आपण काहीच न बोलता पिशवी हातातून कशी घेतली, असं तुकड्या-तुकड्यानं. नवरा ट्रकवरून आला तेव्हा त्यालाही सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, आणि जाताना पत्रांचं पुस्तक केबिनमध्ये वाचायला नेलं. लायब्ररीचं आहे, डाग पाडू नकोस, असं बायकोनं चारदा बजावलं.

तीन महिन्यांचे पाच झाले. छत दुरुस्त झाल्याचा निरोप आला तेव्हा खोक्यात न वाचलेलं एकच पुस्तक उरलं होतं. कवितांचं. तेही अण्णांनी चाळून पाहिलं होतं आणि यात ओळी पूर्ण का करत नाहीत, असं विचारलं होतं.

पुस्तकं परत करायला दोघंही गेली. खोकं रिक्षातून उतरवताना अण्णांनी एक बाजू धरली. ग्रंथपाल बाई पुस्तकं मोजून घेत असताना सून सवयीनं रहस्यकथांच्या कपाटाकडे गेली, एक पुस्तक काखेत मारलं, आणि मग पुढच्या कपाटाकडे वळली. तिथं नद्यांवर काहीतरी होतं. ते तिनं उभ्यानंच उघडलं.

अण्णांनी टेबलापाशी जाऊन सभासद व्हायचा फॉर्म मागितला. बाईंनी विचारलं, काय आवडतं वाचायला, म्हणजे कपाट दाखवते.

"घर सोडून गेलेल्या बायकांची आहेत का आणखी?" ते म्हणाले. "खरी असली तरी चालतील, खोटी असली तरी."

बाईंनी चष्मा वर सरकवला आणि किल्ल्या घेऊन उठल्या.