फुगलेल्या छात्या आणि न उसवलेले शर्ट

रविवारी सकाळी आठ वाजता टायरच्या जुन्या गोदामात दीडशे पुरुष उघड्या अंगानं रांगेत उभे होते आणि दर मिनिटाला एकेकाची छाती वाढत होती.

"अठ्ठ्याऐंशी!" आकडा वाचणारा शिष्य ओरडायचा. "मागच्या रविवारी सत्त्याऐंशी!"

टाळ्यांनी पत्रे दणाणायचे. ज्याची छाती वाढली तो कौतुकानं मान खाली घालून बघायचा. तिथं त्याला नेहमीच्याच बरगड्या दिसायच्या. पण आकडा समोरच्या फळ्यावर खडूनं लिहिलेला असल्यामुळे तो बरगड्यांवर विश्वास ठेवत नसे.

ही सगळी वज्रबाबांची कृपा. बाबांचं स्वतःचं अंग पाहिलं की शंका घ्यायला जीभ रेटत नसे. दंड असे, की पोत्यात दगड भरून तोंड शिवून टाकलंय. आणि शिकवण तर इतकी सोपी, की पाठ करायचीही गरज नाही. व्यायाम करायचा नाही, कारण व्यायामात शक्ती खर्च होते. अंडी, दूध, डाळ, शेंगदाणे बंद, कारण जड अन्नानं स्नायू आळशी होतात. सकाळी चिमूटभर वज्रचूर्ण, दिवसभर भाताची पातळ पेज, आणि गादीवर पडून मनातल्या मनात वजन उचलायचं.

"काल मनात किती उचललंस?" बाबा विचारायचे.

"ऐंशी किलो, बाबा."

"आज शंभर उचल. घाबरू नकोस. मनाला कंबर नसते, लचकणार कशी?"

त्या रांगेत माझा भाचा होता. अंगानं काडी, म्हणून सगळे त्याला काडीच म्हणत. आणि या काडीला अग्निशमन दलात जायचं होतं. पळण्यात पहिला, दोरावर माकडासारखा चढायचा, लेखी परीक्षेत उत्तम. अडलं होतं छातीवर. साध्या श्वासात एक्क्याऐंशी सेंटिमीटर हवी, त्याची सत्त्याहत्तर. भरती वर्षातून एकदाच, आणि वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची. माझे मेहुणे दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेले. घरात कमावणारी एकटी माझी बहीण, दिवसभर कपड्यांना इस्त्री करायची. त्या घरानं आपली सगळी आशा चार सेंटिमीटरवर टांगली होती.

तसं त्यानं चार महिने सरळ रस्त्यानं काम केलं होतं. व्यायामशाळेतल्या उस्तादांनी सांगितल्याप्रमाणे जोर, बैठका, वजनं. सकाळी चार अंडी, दुपारी वाटीभर जास्त डाळ, रात्री वेळेवर झोप. चार महिन्यांत छाती एकोणऐंशी झाली. अजून दोन बाकी आणि भरतीला दोन महिने.

"उस्ताद म्हणतात, अंग घाई ऐकत नाही," काडी मला म्हणाला. "पण मामा, भरती तरी कुठं ऐकते?"

याचं उत्तर बाबांकडे होतं. पहिल्या रविवारी एकोणऐंशी, दुसऱ्या रविवारी ऐंशी, तिसऱ्याला एक्क्याऐंशी. अंडी बंद झाली, व्यायामशाळा सुटली, घरात चूर्णाचा डबा आला.

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. म्हणजे माझं कुणी ऐकत नाही याची मला सवय आहे. रसायनशास्त्राच्या बाईंकडून चूर्ण तपासून घेतलं. भाजलेली कणीक आणि सुंठ. बहिणीला सांगितलं. ती इस्त्री खाली न ठेवताच म्हणाली, "दादा, तुझ्या विज्ञानानं चार महिन्यांत दोन दिले. बाबांनी दोन आठवड्यांत दोन दिले. माझ्याकडे वेळ असता ना, तर तुझंच ऐकलं असतं."

तिच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर मला वाद घालता आला असता.

भरतीला दहा दिवस उरले असताना मी पँटची शिलाई उसवली म्हणून टेलरमास्तरांकडे गेलो. मास्तर तीस वर्षं त्याच मशीनवर बसलेले, गळ्यात टेप, कानावर खडूची कांडी.

"सर, एक विचारू? रागावणार नसाल तर," पायाखालचं मशीन थांबवत ते म्हणाले. "आपल्याकडे दीडशे माणसांच्या छात्या वाढल्यात म्हणे. पाच-पाच सेंटिमीटर."

"म्हणतात खरं."

"मग माझ्याकडे एकही माणूस शर्ट ढिला करायला कसा आला नाही? मी शर्टाच्या आत जास्तीचं कापड ठेवतो, लोक जाडे होतात म्हणून. लग्नानंतर येतात, दुकान नीट चालायला लागलं की येतात. आणि इथं अख्खा भाग फुगला, तरी बटणं लागतातच आहेत?" त्यांनी मापांची वही उघडली. "एक आला होता. तुमचा भाचा. बुधवारी."

"ढिला करायला?"

"नाही हो. घट्ट करायला. म्हणाला, धुऊन धुऊन कापड सैल पडलंय."

मी पँट तिथंच विसरलो.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी, मास्तर माझ्याबरोबर गोदामात आले. काडी रांगेत होता. गाल बसलेले, पण डोळे चमकत होते. बहीण बायकांच्या बाजूला हात जोडून उभी. बाबा माप स्वतः घ्यायचे. टेपचं टोक त्यांच्या उजव्या मुठीत, वर अंगठा दाबलेला. अंगठ्यातून कृपा उतरते, अशी माहिती होती.

"चौऱ्याऐंशी!" शिष्य ओरडला. बहिणीनं डोळे मिटले.

"बाबा," मास्तर शांतपणे म्हणाले, "टेप सोडू नका. फक्त मूठ उघडा."

"कशाला?"

"काही नाही, धंद्याची खोड. कापड मोजताना अंगठ्याखाली दोन बोटं कापड खाणारे दुकानदार मी आयुष्यभर पाहिलेत. पण अंगठ्याखालून छाती वाढवणारा पहिल्यांदाच बघतोय."

हशा पिकला आणि लगेच मावळला, कारण बाबांनी मूठ उघडली नाही. मास्तरांनी ती मनगट धरून उघडली. तीस वर्षं कात्री चालवलेला हात. बोटांत टेपची घडी निघाली, साडेसहा सेंटिमीटरची. छातीवर टेप शून्यापासून सुरूच होत नव्हता. दर आठवड्याला घडी वाढायची, आणि तिच्याबरोबर भक्ताची छाती.

"संशय आला!" बाबा गरजले. "संशयानं छाती आत जाते! या माणसानं तुमची सगळ्यांची शक्ती शोषली!"

आणि लोक मास्तरांवरच धावले. सर्वांत पुढे एक बस कंडक्टर. "ओ शिंपी, माझा आकडा पुसला तर याद राखा!"

"मी कशाला पुसू? हा घ्या टेप, तुम्हीच मोजा. शून्य सगळ्यांना दिसू द्या म्हणजे झालं."

कंडक्टरनं शेजाऱ्याकडून मोजून घेतलं. पहिल्या दिवसाएवढीच. पुन्हा मोजलं. श्वास भरून मोजलं. मग तो खाली बसला आणि शर्ट शोधायला लागला.

"पण बाबांचे दंड तर खरे आहेत ना?" कुणीतरी केविलवाण्या आवाजात विचारलं.

"खरे आहेत की," मागून केर काढणाऱ्या मावशी म्हणाल्या. "मागच्या खोलीतून रोज दोन डझन अंड्यांची टरफलं मीच उचलते. आणि ती लोखंडी वजनं पुसायलाही मीच. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

बाबा मागच्या दारानं गेले. चूर्णाचे डबे तेवढे राहिले.

मास्तरांनी काडीची छाती मोजली. साडेसत्त्याहत्तर. चार महिन्यांत कमावलेल्यातलं अर्ध्यापेक्षा जास्त त्यानं गादीवर पडून गमावलं होतं.

"मामा, भरतीला किती दिवस राहिले?"

"नऊ."

"नऊ दिवसांत साडेतीन होतील?"

खोटं बोलण्याची इतकी तीव्र इच्छा मला आयुष्यात कधी झाली नव्हती. बाबा लोकांना का हवे असतात, ते त्या क्षणी मला कळलं.

"नाही होणार," मी म्हणालो.

त्या नऊ दिवसांत बहिणीनं त्याला उलटी होईपर्यंत खाऊ घातलं. मैदानावर सरकारी टेप लागला, शून्य स्वच्छ दिसत होतं. "अठ्ठ्याहत्तर. बाजूला व्हा." बहीण फाटकाबाहेर डबा घेऊन उभी होती. त्यानं तिच्या हातातला डबा घेतला आणि तिथंच कठड्यावर बसून संपवला, कारण त्यात अंडी होती.

माझं सांगणं एवढंच आहे. कुणी तुमचं काही वाढवून दाखवत असेल, तर आधी त्याच्या अंगठ्याखाली बघा. मग घरचा टेप लावा. मग स्वतःच्या शर्टाला विचारा, तो कुणाचा भक्त नसतो. अंग खाण्यानं, कष्टानं, झोपेनं आणि वेळेनं वाढतं. यातली शेवटची गोष्ट कुणाच्याच हातात नसते, आणि जो ती विकतो तो आधी तुमच्याकडची काढून घेतो. काडीकडे दोन महिने होते. उस्तादांचं ऐकून ते दोन सेंटिमीटर झाले असते का? मला माहीत नाही. आता कुणालाच कळणार नाही.

काडी आता एका गोदामात माल उतरवतो आणि संध्याकाळी उस्तादांकडे जातो. परवा मी मास्तरांकडे बसलो असताना तो आला आणि शर्ट काढून टेबलावर ठेवला.

"मास्तर, बगलेत काचतोय."

मास्तरांनी टेप लावला. टोक दोन बोटांत धरलं, शून्य आमच्याकडे करून. मग पुन्हा एकदा मोजलं.

"ब्याऐंशी," ते म्हणाले.

कुणी टाळी वाजवली नाही. काडीचं भरतीचं वय उलटून सात महिने झाले होते. मास्तरांनी वहीत आकडा लिहिला, चष्मा पुसला आणि शर्ट उसवायला घेतला.