रिकाम्या जागेवरचं घर

ती जागा रिकामी नाही हे तुम्हाला कळलं होतं. कळल्यावरही तुम्ही तिच्यावर घरं बांधलीत आणि आम्हाला विकलीत. तुमचं नाव मी घेत नाही. घ्यायची गरजही नाही. वाचाल तेव्हा तुम्हाला आपोआप कळेल, हे कोणाला म्हटलंय ते.

धाडच्या बाजाराला जाणाऱ्या वाटेवर आमचं गाव. नदीकाठची खालची आळी पुरात बसली, तिच्यात माझ्या थोरल्या बहिणीचं, तानुबाईचं घर गेलं. ती आणि तिचा नवरा कडूबा पुढं मळ्यातच राहिले, मोटेच्या विहिरीपाशी खोपी घालून. वांगी आणि मिरची लावून त्यांनी दिवस काढले. मग तुमची दवंडी आली. गावाच्या वर, लिंबाच्या झाडापलीकडं जी पडीक जमीन आहे तिथं नवी आबादी बसणार. दगडी पाया, मातीच्या भिंती, वर कौलं. घर तयार मिळेल, घ्यायचं आणि राहायला जायचं. तानुबाईनं पाटल्या मोडल्या आणि घर घेतलं. कोणापुढं हात पसरला नाही. नवी कोरी भिंत, जिला अजून कोणाची पाठ टेकली नाही, अशी भिंत आमच्या घराण्यात पहिल्यांदा कोणाच्या वाट्याला आली होती.

आमच्यात नव्या घराची चूल बाईनं स्वतः घालायची असते. गवंडी भिंत उचलील, सुतार दार बसवील, पण चुलीची जागा घरधनीण आपल्या हातानं खणते, माती कालवते, चूल थापते आणि तिच्यावर दूध उतू जाऊ देते. तोवर ते घर नाही, नुसता आडोसा. म्हणून घर मिळाल्यावरच्या सोमवारी सकाळी आळीतल्या बाया जमल्या. कडूबा बाहेर दाराला आंब्याची पानं बांधत होता. मी दुधाची चरवी घेऊन ओट्यावर बसलो होतो.

"काय वं तानुबाई," शेजारची मनकर्णाबाई म्हणाली, "कौलाचं घर झालं तुव्हं. आता आमाले ओळखशीन का?"

"ओळखीन की. पण पाय धुतल्याबिगर आत नाई येऊ देणार."

"आयव! अजून चूल नाई पेटली तं एवढा तोरा! पेटल्यावर तं आमच्या हातून ताकबी नाई घ्यायची तू!"

बाया हसल्या. तानुबाईही हसली. हसत हसतच तिनं खुरपं मारलं, माती ओंजळीनं बाजूला केली, पुन्हा मारलं. आणि हसणं थांबलं.

मी आत वाकून पाहिलं. तिच्या तळहातावर काळे मणी होते. काचेचे, बारीक, मातीनं माखलेले. दोरा कुजून गेलेला. दृष्ट लागू नये म्हणून तान्ह्या लेकराच्या मनगटाला बांधतात तसले. त्यांच्या शेजारी मातीत आणखी काहीतरी होतं, पांढरं, बोटाएवढं. तिनं त्याला हात लावला नाही. पदर काढून त्याच्यावर धरला, जसं उन्हातल्या पाळण्यावर धरतात.

बाया एकेक करून उठल्या आणि बाहेर गेल्या. मनकर्णाबाई सगळ्यात शेवटी गेली, उंबऱ्याला हात लावून.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगतो, जी तुम्ही कधी कोणाला विचारली नाही. दात न आलेलं लेकरू आम्ही जाळत नाही, पुरतो. नदीवरच्या स्मशानात नव्हे, वेगळ्या जागी. बाप एकटा फडक्यात गुंडाळून नेतो. आई उंबऱ्यावरून परत फिरते. पुरून आल्यावर बापानं मागं वळून पाहायचं नाही आणि ती जागा कोणती हे बायकोलासुद्धा सांगायचं नाही. त्या जागेला नाव नाही. नाव घेतलं तर घरातल्या जित्या लेकरावर येतं, असं मानतात. म्हणून गावातल्या सगळ्या पुरुषांना, मलासुद्धा, ती जागा माहीत होती आणि एकाही बाईला माहीत नव्हती.

तानुबाई ओट्यावर आली. कडूबापुढं तिनं मूठ उघडली.

"हे काय हाये?"

कडूबाच्या हातातली पानं तशीच राहिली.

"मी काय इचारून राह्यली? ही जागा कोणती हाये?"

"ते आपलं नाई, तानु."

"मले माहीत हाये आपलं नाई. माह्या लेकराले मनगट्या नव्हत्या. करगोटा होता, तांब्याच्या घुंगराचा. मीच बांधला होता." तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "मंग आपलं कुठं हाये?"

मानमोडीच्या तापाच्या साथीत तिचं पहिलं लेकरू गेलं होतं. पाच महिन्यांचं. त्यानंतर तिची कूस भरली नाही. म्हणजे तिच्या घरात जितं लेकरू नव्हतंच, जपायचं कोणाला? पण कडूबानं इतकी वर्षं तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं.

"परसात," तो म्हणाला. "मागच्या भिंतीपल्याड. म्हणून तं हेच घर मांगतलं मी. घरं इकणारा कारभारी रस्त्याकडचं घे मनत होता, दुकान काढता येईन मने. मी मनलं, नाई. दुसऱ्यानं घेतलं तं त्याच्यावर म्हशी बांधीन. आपल्या परसात राह्यलं तं आपण तुळस लावू. तुले सांगायचं काम नव्हतं. तू रोज पाणी घातलं असतं."

माझी बहीण नवऱ्याशी भांडणारी आहे, गावाला माहीत आहे. त्या वेळी ती भांडली नाही. म्हणाली, "दाखवा."

परसात कडूबानं कुदळ धरली. लिंबाच्या झाडाकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं, दोन पावलं सरकला, पुन्हा मागं आला. पुरल्यावर त्यानं वर एक काळा दगड ठेवला होता, जनावरानं उकरू नये म्हणून, एकट्याला जेमतेम उचलेल असा. तो आता तिथं नव्हता. त्यानं खणलं. माती भुसभुशीत निघाली, तिच्यात चुन्याचे गोळे आणि विटांचे तुकडे. म्हणजे इथं आधीच कोणी खणून पुन्हा भरलं होतं. मी कुदळ घेतली, भिंतीकडं सरकत गेलो. भिंतीचा पाया नेमका तिथूनच गेला होता. पायाच्या कोपऱ्यात एक काळा दगड बसवलेला होता. तो त्यातलाच की दुसरा, हे कडूबाला सांगता येईना. दोनदा हात फिरवून तो खाली बसला.

"ते सायेब आले होते, जागा पाहाले," तानुबाई म्हणाली. "तवा तुमाले इचारलं होतं ना?"

"हाव. सगळ्यायले इचारलं. इथं काई हाये का मने."

"मंग तुमी काय मनलं?"

"रिकामी हाये मनलं."

"सगळ्यायनं?"

"सगळ्यायनं. त्या जागेचं नाव कोण घेईन, तानु?"

ही चूक आमची. मीच लिहून टाकतो, म्हणजे तुम्हाला ती माझ्या तोंडावर फेकायला नको. आमच्या माणसांनी रिकामी म्हटलं, कारण जिभेवर दुसरा शब्द आणायची त्यांना बंदी होती. पण पाया खणला तो तुमच्या माणसांनी, आणि कुदळीला कसली बंदी नव्हती.

पुंजाजी आमच्याच आळीतला. त्याची बैलगाडी तुमच्या कामावर होती, माती वाहायला. मी त्याला गाठलं. आधी तो आढेवेढे घेत होता.

"काऊन बे, मले काऊन गुंतवून राह्यला?"

"गुंतवत नाही. काय पाह्यलं तेवढं सांग."

"पाह्यलं नं. वडार लोकायनं काम थांबवलं होतं. मने हाडं लागून राह्यले, बारीक बारीक. तो देखरेखवाला आला. मने कुत्र्या-मांजराचे असतीन, चला, उचला. एका वडाराच्या बाईनं कुदळ टाकून देली अन् रडत निघून गेली. तिची मजुरी कापली त्यानं."

"अन् माती?"

"थोडी पायात भरली, थोडी भिंतीच्या गाऱ्यात. बाकी गाड्यायनं नेली. मी सडकेच्या फाट्यापर्यंत नेत होतो. तिथं दुसऱ्या गाड्या भरून घ्यायच्या. पुढं कुठं गेल्या, मले माहीत नाई. आईची आण."

म्हणजे तुम्हाला सांगितलं गेलं होतं. कामावर, दिवसाढवळ्या, रडून सांगितलं गेलं होतं.

मी आणि कडूबानं बुलढाण्याच्या कचेरीत खेटे घातले. वऱ्हाड नागपूरला जोडल्यापासून आमच्या गावचा दगडही नागपूरला विचारल्याशिवाय हलत नाही, हे तिथंच ऐकलं. तिथल्या एका कारकुनानं डोळेही वर केले नाहीत. "जागा दप्तरी पडीक आहे. स्मशान नदीवर आहे. विकलेलं घर परत होत नाही. भटजी बोलवा, शांत करून घ्या." आणि शेजारच्याला म्हणाला, "यांना खोपीत होते तेच बरं होतं." कडूबानं पागोटं काढलं, पुन्हा घातलं आणि बाहेर आला. त्याला बोलता आलं नाही, म्हणून मी लिहितो आहे.

भटजी आले होते. तानुबाईनं त्यांना दक्षिणा देऊन ओट्यावरूनच परत पाठवलं. आत चूल घातली नाही. ते मणी आणि त्यांच्या शेजारचं ते पांढरं तिनं परसाकडच्या लिंबाच्या बुडाशी पुन्हा पुरलं, ते लेकरू कोणाचं हे न विचारता. तेव्हापासून त्या बाजूच्या चार घरांतल्या बायांनी आपापल्या भिंती सारवणं सोडलंय. सारवायला हात उचलला की हात थांबतो, त्यांच्यातली एक म्हणते. ज्या भिंतीवर हात फिरवायचा तिच्यात काय कालवलंय, हे माहीत झाल्यावर हात फिरेल कसा?

तानुबाई ओट्यावर तीन दगड मांडून रांधते. कडूबा आत झोपतो, ती बाहेर. मळ्यात परत चल म्हटलं तर येत नाही. घर सोडायचं नाही म्हणते, आणि घरात जायचंही नाही. "लेकरू कुठं गेलं ते मले समजू द्या," एवढंच बोलते.

तिला घराचे पैसे नकोत. दुसरं घर नको. तुम्ही माफी मागा असं म्हणायलाही ती तुमच्याकडं येणार नाही, आणि मी तर नाहीच. गाड्या तुमच्या होत्या, हुकूम तुमचा होता, माती कुठं टाकायची ते सांगणारा माणूस तुमचा होता. सडकेच्या फाट्यावरून त्या गाड्या पुढं कुठं रित्या झाल्या? कोणाच्या अंगणात, कोणत्या बंधाऱ्यात, कोणत्या बंगल्याच्या बागेत? मला कागदावर कळवू नका. नवीन आबादीत या, माझ्या बहिणीच्या ओट्यासमोर उभे राहा आणि तिला सांगा.