सिनेमाचा अंधार, कंपनीचा अंधार

नीळकंठ पांढरीपांडे यांनी तारखात्यात सारी नोकरी काढली ती लोकांचे शब्द कापण्यात. खिडकीशी आलेला माणूस लिहून आणायचा, 'आई फार गंभीर, ताबडतोब निघून ये', आणि नीळकंठराव म्हणायचे, "'फार' काढा, 'ताबडतोब' काढा, पैसे वाचतील. आई गंभीर म्हटल्यावर पोरगा काय चालत येणार आहे?" निवृत्त झाल्यावर त्यांनी यवतमाळात 'अभिजात चित्रपट मंडळ' काढलं. आता त्यातला 'अभिजात' काढा, असं त्यांनाच सांगण्यात येत होतं. हा एक शब्द काही कापायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

सांगणारे होते डॉक्टर सलील. दातांचे डॉक्टर, आणि वाचनालयाचे नवे अध्यक्ष. मंडळाचे सिनेमे वाचनालयाच्याच हॉलमध्ये होत. दातांच्या डॉक्टरला एकट्यानेच बोलायची वाईट सवय लागते. समोरच्याचं तोंड सताड उघडं असतं, पण उलट बोलायची त्याची सोय नसते.

"नीळकंठराव, तुमचा मागचा सिनेमा मला कळला नाही."

"बरं."

"कोणालाच कळला नाही."

"बरं."

"जे कोणाला कळत नाही त्याला तुम्ही अभिजात म्हणता. मग माझं अक्षरसुद्धा अभिजात!"

"तुमचं अक्षर औषधाच्या दुकानात कळतं," नीळकंठराव म्हणाले. "म्हणून ते नुसतंच वाईट."

डॉक्टरांनी तिथल्या तिथे अट घातली. येत्या रविवारी सिनेमा संपेपर्यंत निम्मे लोक जरी खुर्चीत राहिले, तरी शब्द राहील. नाहीतर पाटीवर 'मनोरंजन चित्रपट मंडळ' असं रंगवून घ्यायचं. "आणि सामान्य माणूस मी आणतो. तुमची नेहमीची चार टाळकी चालणार नाहीत."

नीळकंठराव रागात होते, म्हणून लगेच हो म्हणाले.

घरी शीलाताईंनी कपाळाला हात लावला. "अहो, पैज कायले लावली? तुमच्या सिनेमात मीच झोपते!"

"तू चांगल्या सिनेमात झोपतेस."

"हे मात्र खरं. भिकार सिनेमा असला की मले रागानं झोप येत नाही." त्यांनी थोडा विचार केला. "रविवारी कोणता?"

"डोंगरावरचा म्हातारा."

"ज्यात मी दोनदा झोपले तो? मग भारी आहे."

त्या वर्षांत यवतमाळात सामान्य माणसाला मोठी मागणी होती. कापसाला कोणी विचारत नव्हतं, पण कापूस पिकवणाऱ्याला सगळे विचारत होते. दिल्लीचं पथक जायचं, मुंबईचं यायचं, मागून कॅमेरे. आर्णीजवळच्या तांड्यावरच्या रामलाल राठोडला मत सांगण्याची इतकी सवय झाली होती, की रस्त्यात पांढरी गाडी थांबली की तो आपोआप बांधावर येऊन उभा राहायचा. रविवारी सिनेमाच्या आधी तो दाढ काढायला डॉक्टरांकडे आला. डॉक्टरांनी दाढ काढली, खड्ड्यात कापूस कोंबला आणि सांगितलं, "दोन तास बोलायचं नाही. तोवर आमच्याकडे सिनेमा बघा." बाजारात जागा नसलेल्या कापसाला निदान दाढेच्या खड्ड्यात तरी जागा मिळाली.

रामलालची बायको बबिता सोबत होती. हॉलमध्ये शिरताच तिने जाहीर केलं, "यायची दाढ काढली हाये. जे इचाराचं ते मले इचारा."

हॉल बऱ्यापैकी भरला. पैजेची बातमी गावभर झाली होती. डिसेंबरची थंडी होती, पंखे बंद होते, खिडक्यांना काळे पडदे लावले होते. त्या काळी भारनियमन म्हणजे दिवसाचा धर्मच. पण रविवारी संध्याकाळी वीज जाणार नाही, असं कंपनीने पेपरात छापलं होतं. कंपनीने छापलं म्हणून नीळकंठराव जरा अस्वस्थच होते.

सिनेमा सुरू झाला. कुठल्याशा थंड देशातला एक म्हातारा डोंगरावर एकटा राहतो. तो विहिरीवर जातो, पाणी आणतो, मेंढ्यांना पाजतो, परत विहिरीवर जातो. बोलत नाही. बोलला असता तरी कोणाला कळलं नसतं. अर्ध्या तासाने पुढच्या रांगेतल्या एकाने शेजाऱ्याला विचारलं, "हा परत पाणी आणाले गेला का?" शेजारी म्हणाला, "मघाचंच हाये ते. अजून आला नाही." शीलाताई झोपल्या.

मग म्हाताऱ्याच्या झोपडीतला दिवा वाऱ्याने विझला, आणि पडदा काळा झाला.

"गेली!" सगळा हॉल एका सुरात ओरडला.

यवतमाळच्या माणसाला अंधारात काय करायचं ते शिकवावं लागत नाही. लोक उठले. कोणी चपला शोधू लागले, कोणी कंपनीच्या आईबापांची चौकशी करू लागले. वाऱ्याचा आवाज तसाच चालू होता, पण लाइट गेल्यावर आवाजाकडे कोण कान देतो? "बसा, बसा, हा सिनेमाच आहे!" असं नीळकंठराव ओरडत होते. ते कोणी ऐकलं नाही. डॉक्टर दाराशी जाऊन हसतमुखाने उभे राहिले. अर्ध्याहून जास्त लोक उभे होते. पैज संपल्यात जमा होती.

आणि पडद्यावर काडी पेटली. आधी ओलसर, विझू विझू करणारी, मग म्हाताऱ्याची थरथरती बोटं, मग दिव्याची वात, मग त्याचा चेहरा.

"आलीऽऽ!"

तसा ओरडा नीळकंठरावांनी कुठल्याच सिनेमाला ऐकला नव्हता. सगळ्यात मोठ्याने रामलाल ओरडला, तांड्याच्या बोलीत आईला हाक मारत. तोंडातला कापूस समोरच्याच्या मानेवर जाऊन पडला. "याडी! पेटली नं वात!"

मग ध्यानात आलं, लाइट गेलीच नव्हती. लोक हळूच, चोरासारखे बसले. डॉक्टरही बसले. लाजलेला माणूस फार मन लावून बघतो. सगळे आता म्हाताऱ्याकडे डोळे फाडून बघू लागले. तेवढ्यात म्हाताऱ्याच्या दाराची कडी वाजली. त्या ओसाड डोंगरावर, इतक्या वादळात. म्हातारा दचकला. दिवा घेऊन दाराशी गेला. कडीला हात लावला.

पडदा काळा झाला.

या वेळी कोणी हललं नाही.

नीळकंठराव प्रोजेक्टरजवळ बसले होते. त्याची घरघर थांबली होती. खालच्या प्लेअरचा लाल ठिपका गेला होता. ही लाइट गेली होती, खरीखुरी.

"उठू नका," अंधारातून डॉक्टरांची कुजबुज आली. "एकदा फसलो तेवढं पुरे."

सारा हॉल शून्यात टक लावून बसला. आवाजही नव्हता, म्हणजे हा अंधार मघापेक्षा वरच्या दर्जाचा असणार. मागून कोणीतरी "क्या बात है!" म्हणालं. नीळकंठरावांना एवढा रसिक प्रेक्षक जन्मात मिळाला नव्हता. थोडा वेळ असंच बसायचं आणि 'संपला' म्हणायचं, की शब्द राहिला. खुद्द डॉक्टरांनीच टाळी वाजवली असती.

"अहो." शीलाताई जाग्या होत्या, हे लक्षण काही ठीक नव्हतं. "लाइट गेली ना?"

"हो."

"मग सांगा की."

"सांगितलं तर लोक उठतील. शब्द जाईल."

"अन् नाही सांगितलं त?"

नीळकंठरावांनी खिशातली बॅटरी चाचपली. न सांगता शब्द राहिला असता, पण मग तो याही अंधाराला लागला असता. डॉक्टर इतके दिवस तेच तर म्हणत होते, की तुम्ही कुठल्याही काळोखाला अभिजात म्हणता.

ते उभे राहिले. "मंडळी, लाइट गेली आहे."

"शूऽ!"

"काका, बसा ना. सिनेमा चालू हाये."

"नाही चालू. ही लाइट गेली आहे!" त्यांनी बॅटरी लावून प्लेअरवर धरली. हॉलमध्ये एक लांब उसासा गेला, आणि मग डॉक्टरांचं हसू ऐकू आलं.

"म्हणजे आम्ही लाइट गेलेली बघत होतो! आणि वर 'क्या बात है'! नीळकंठराव, हेच तर माझं म्हणणं होतं. तुमच्या सिनेमात आणि भारनियमनात फरक काय?"

"फरक आहे," नीळकंठराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला. "मघाचा अंधार दिग्दर्शकाचा होता. त्यात एक माणूस काडी शोधत होता, आणि तुम्ही सगळे उभे राहून त्याच्यासोबत शोधत होतात. ओरडलात तेव्हा मी ऐकलंय. आताचा अंधार कंपनीचा आहे. यात कोणी काही शोधत नाही, बिल मात्र येतं. अवघड आहे म्हणून मी कशाला अभिजात म्हणत नाही, डॉक्टर. पण अवघड आहे म्हणून त्याचा मान कोणी काढून घेतलेलाही खपवून घेणार नाही."

काही लोक उठले होते. खुर्च्या सरकत होत्या.

"लोक उठले. तुम्ही हरलात," डॉक्टर म्हणाले.

"हरलो."

"मग शब्द काढा."

"काढणार नाही."

"असं कसं? ठरलं होतं!"

"हरायचं ठरलं होतं. हरलो. शब्द काढणार नाही."

डॉक्टरांनी हॉलच्या किल्ल्या काढल्या. त्यांनी मग आपला सामान्य माणूस पुढे केला. "रामलाल, तुम्हीच सांगा. कसा होता सिनेमा?"

"बोर," रामलाल म्हणाला. गाल सुजला होता, तरी शब्द स्पष्ट आला. "लय बोर. निस्तं पाणी आणून राह्यला होता."

"ऐकलंत?"

"पण दारावर कोण होतं?" रामलालनेच विचारलं.

"हां, कोण होतं?" निघालेले दोघंतिघं दाराशी थांबले.

"सांगणार नाही," नीळकंठराव म्हणाले.

"मले वाटते बायको आली असन," बबिता म्हणाली.

"बायको कडी वाजवून कायले येईन? लाथ मारून येते."

"तुमी घरी चला, मंग दाखवते."

हॉल हसला. थांबलेले परत येऊन बसले. कोणी म्हणालं मुलगा असेल, कोणी म्हणालं वसुलीवाला, आणि ओसाड डोंगरावर वसुलीवाला कसा जाईल यावर भांडण लागलं. शीलाताईंनी दोनदा हा सिनेमा पाहिला होता, म्हणून सगळे त्यांना विचारू लागले. त्यांनी खरं ते सांगितलं, की मी दोन्ही वेळा तिथे नव्हते.

डॉक्टर किल्ल्या वाजवत उभे होते. "नीळकंठराव, शेवट सांगून टाका. लोकांना घरी जाता येईल, मला कुलूप लावता येईल."

"लाइट आल्यावर बघा."

"कधी येईल?"

"कंपनीला विचारा."

बराच वेळ किल्ल्या वाजल्या. मग वाजायच्या थांबल्या.

"वारा असेल," डॉक्टर म्हणाले. "उगाच कडी वाजल्यासारखी वाटली."

"वारा कडी वाजवत नाई," बबिता म्हणाली.

"माझ्या दवाखान्याची वाजवतो."

"अध्यक्ष, बसून बोला," नीळकंठराव म्हणाले. "आणि पाटी उद्याही उतरणार नाही."

"ते उद्या पाहू," डॉक्टर म्हणाले. पण बसले.