बाकी काही त्रास नाही

“सर, जिसे लैट्रिन में खून जाता है, उसी के पैरों पर लाल गांठें भी आ सकती हैं क्या?”

शाळेच्या हॉलमध्ये, सगळ्या नववी-दहावीसमोर, माईकवर विचारलं मी! आरोग्य शिबिराला आलेल्या डॉक्टरांनी चष्मा वर केला. मागे पोट्टे खिदळले. पैज माझ्या वर्गातल्या सोनियाची होती. “हिम्मत है तो पूछ, गुपचुप मेरी तरफ से.” गुपचुप म्हणजे पाणीपुरी, आणि मला तिचं तिखट पाणी दोन वर्षांपासून बंद आहे हे तिला पक्कं माहीत, म्हणून एवढी उदार.

डॉक्टर मात्र हसले नाहीत. “बिल्कुल आ सकती हैं, बेटा. आंत की सूजन बढ़ती है तो कई बार पैरों पर ऐसी गांठें निकलती हैं. किसे है?”

“मुझे.”

डॉक्टर माईककडे झुकले.

“तो पेट वाले डॉक्टर को पैर बताओ, और चमड़ी वाले को पेट. दोनों को दोनों बातें.”

मी माईक सोडायचं विसरले. मोज्यांच्या आत नडग्या ठणकत होत्या आणि डोळ्यासमोर आई.

माझ्या मोठ्या आतड्याला सूज येते, अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. त्याचे डॉक्टर इथे रायपुरातच, तेलीबांध्याला. दिवाळीनंतर पायांवर गाठी आल्या, चादर लागली तरी कळ जाते. त्यासाठी बुढापाऱ्यातल्या त्वचेच्या डॉक्टर मीनल. त्या आईच्या मामेबहिणीची नणंद, आणि सगळा घोळ इथेच आहे. त्यांच्या बाकड्यावर रायपूरची अर्धी मराठी माणसं बसलेली असतात. तिथे ऐकलेलं संध्याकाळपर्यंत नागपूरला पोचतं, आणि नागपुरात माझ्या ताईसाठी, राधिकासाठी, स्थळं बघणं सुरू आहे. म्हणून ऑटोतच मला तंबी, “पोटाचं नाव काढू नको तिथं. पाय दाखव अन् चूप बस.”

मीनलताई दरवेळी विचारतात, “बाकी काही त्रास?”

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणते, “नाही नाही, बाकी काही त्रास नाही.”

मग त्या बिचाऱ्या काय करणार? रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, मलम दिलं. इकडे आईने स्वतःच निदान केलं, गाठी मांजरामुळे! माझी बुंदी, जी माझ्या पायाशी सोडून कुठे झोपत नसे, ती पिशवीत बसून शहराबाहेर उरल्याला गेली, बाबांच्या प्लांटमधल्या शालिग्रामकाकांकडे. ट्रकांच्या धुळीत! गाठी जिथल्या तिथेच.

आणि तेलीबांध्याला नेमकं उलटं. तिथे पाय झाकायचे. बाबांचं म्हणणं, “एका डॉक्टरपुढे दुसऱ्याचं दुखणं काढलं की त्याले राग येते.” म्हणजे माझे दोन तुकडे केले होते यांनी, कमरेच्या वरचा एकाला, खालचा दुसऱ्याला. वर आणखी बाबांचाच सल्ला, “उष्णतेचं आहे, सब्जा पी.”

घरी आले तेव्हा आई पोहे धूत होती. दप्तर न उतरवता मी सगळं सांगितलं. तिचा हात चाळणीतच थांबला.

“माईकवर सांगितलं? नाव घेऊन?”

“नावासकट, मी उभी होते ना तिथे.”

“अवं, रविवारी पाहुणे येऊन राहिले! लहानीले रक्ताची संडास होते म्हटल्यावर मोठीले कोण पसंत करीन? एवढं होऊन जाऊ दे, मग सांग मीनलताईले.”

“माझं आतडं मुहूर्त पाहत नाही, आई.”

बाबा आतून आले. “आवाज कमी कर. शेजारी ऐकतील.”

“ऐकू द्या! शाळेत झालंच आहे जाहीर. आणि लाज कशाची? मी काय चोरी केली का? दुखतं मला, झाकता तुम्ही!”

राधिकाताई फोन ठेवून दारात आली. “माझ्या लग्नाच्या नावावर हे चालू होतं? मले काहून नाही विचारलं कोणी? इतक्यावर जो पळून जाईल तो मले चालतच नाही.”

आईने पोह्यांची चाळणी खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, “मले वाटलं, पोटाचं वेगळं, पायाचं वेगळं.”

ते ऐकून माझा राग जरा डळमळला. पण मी त्याला बसू दिलं नाही, बसला असता तर रविवार गेला असता, मग साखरपुडा, मग लग्न, आणि मी मोजे ओढत राहिले असते. मी तिथेच मोजे काढले. लाल-जांभळ्या गाठी चौघांच्या मधोमध. बाबांनी बहुतेक पहिल्यांदाच नीट पाहिल्या.

मग मी म्हणाले, “ऐका. उद्या मी मीनलताईंकडे जाणार, पोटाची फाईल घेऊन. तिथून तेलीबांध्याला, हाफ पँट घालून. ‘बाकी काही त्रास’ विचारलं की उत्तर मी देणार. आई, तू चल, पण तोंड उघडायचं नाही. आणि बाबा, तुम्ही उद्याच उरल्याहून माझी बुंदी परत आणायची.”