पिंजऱ्यातलं दुसरं गाजर

पडद्यावरच्या मुलीने गिनीपिगच्या पिंजऱ्यात हात घातला, गाजर बाहेर काढलं आणि दाराकडे एक नजर टाकून कचकन चावलं. सभागृहात हशा पिकला. सागाचा हात इल्वाच्या मांडीवरच्या गोळ्यांच्या पिशवीत होता. तो तिने रिकामाच बाहेर काढला आणि कोटाच्या खिशात घातला.

इल्वाने पडद्यावरून नजर हलवली नाही. तेवढी हिंमतच झाली नाही. पडद्यावरच्या मुलीला सिनेमावाल्यांनी कोपरावर ठिगळ लावलेला हिरवा स्वेटर घातला होता. अगदी सागासारखा.

सिनेमात दारापलीकडून काट्या-चमच्यांचे आवाज येत होते. मैत्रिणीच्या घरचे जेवत होते आणि ही पाहुणी त्यांचं आटपेपर्यंत खोलीत थांबली होती. त्यात गावातल्या कुणाला काही वावगं वाटण्यासारखं नव्हतं. सगळ्यांच्याच घरी असं चालायचं. दुसऱ्याचं पोर आपल्या टेबलाशी बसवायचं म्हणजे त्याच्या आईचा स्वयंपाक वाया घालवायचा. इल्वाची आई गुनिला सागाबद्दल तेच म्हणायची, "तिच्या घरी जेवण तयार असेल." दोन हिवाळे म्हणत आली होती.

सागाच्या घरी काहीच तयार नसायचं. बाप दुपारपासून पिऊन कोचावर आडवा, आणि आई कधीच दुसऱ्या गावी निघून गेलेली. सागा हे कुणाला सांगत नसे, इल्वालाही नाही. इल्वाला कळलं ते गाजरावरून. एकदा ती जेवून खोलीत आली तर तिच्या गिनीपिगच्या पिंजऱ्यातलं गाजर नाहीसं, आणि सागाच्या ओठाला केशरी कण. इल्वा काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती पिंजऱ्यात दोन गाजरं ठेवायला लागली.

तशीही ती फारसं बोलत नसे. तिचा शब्द तोंडातच अडायचा. वर्गात ती उत्तर द्यायला उठली की मागच्या बाकावरचा विगो मोठ्याने जांभई द्यायचा. घरी आई तिची वाक्यं आपणच पुरी करून टाकायची, तीही भलतीच. थांबायची ती एकटी सागा. शब्द बाहेर येईपर्यंत बुटाच्या नाडीशी खेळत बसायची, जशी काही तिला कसली घाईच नाही.

मागच्या वर्षी सिनेमावाले शाळेत आले. एकट्या पडलेल्या दोन मुलींच्या मैत्रीवर त्यांना चित्रपट करायचा होता. दिग्दर्शिका इल्वाशेजारी जमिनीवर मांडी घालून बसली आणि शब्द अडला तेव्हा खरोखरच थांबली. इल्वाला इतकं भरून आलं की ती बोलतच सुटली. आपल्याजवळची सगळ्यात चांगली गोष्ट सांगावी, म्हणून तिने सागाबद्दल सांगितलं. गाजरासकट.

पडद्यावरचं दार उघडलं. सिनेमातली आई म्हणाली, "ये, तुझंही ताट वाढलंय." सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज सुरू झाले. गुनिला तर हमसून हमसून रडत होती.

दिवे लागले. पुढच्या रांगेतला विगो वळला, सागाच्या स्वेटरकडे त्याने नीट पाहिलं, आणि वरचे दात बाहेर काढून चीं चीं केलं. त्याच्या शेजारच्यानेही केलं.

घरी जाताना रस्त्यावर बर्फाचा चिखल झाला होता.

"माणसं अशी कशी गं असतात?" गुनिला डोळे पुसत म्हणाली. "पोर उपाशी बसलंय पलीकडे, आणि यांना पत्ता नाही." चार पावलं पुढे जाऊन ती थबकली. तिने सागाकडे पाहिलं, मग इल्वाकडे. पुढे बोलली ती जरा हळूच. "सागा, आज आमच्याकडेच जेवायचं हं."

"माझं दप्तर राहिलंय तुमच्याकडे," सागा म्हणाली.

गुरुवारी गावात घरोघरी वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक असायचे, त्यामुळे घरात सुपाचा वास भरला होता. सागाने दाराशी बूट काढले, इल्वाच्या खोलीत गेली आणि दार आपल्या हाताने लावून घेतलं. इल्वाने टेबलावर तिसरी बशी मांडली. ती नीट मध्यावर आहे ना, हे तिने पुन्हा पुन्हा पाहिलं. हे व्हावं अशी तिची किती दिवसांची इच्छा होती, आणि आता ते होताना ती सारखी खोलीच्या बंद दाराकडे बघत होती. गुनिलाने पॅनकेक रचले, शेजारी मुरांबा ठेवला आणि खोलीचं दार उघडलं.

"ये सागा," ती गोड आवाजात म्हणाली. "तुझंही ताट वाढलंय."

सागा पाठीला दप्तर लावून बाहेर आली. तिने टेबलाकडे एकदा पाहिलं.

"नको. घरी जेवण तयार असेल."

गुनिलाने हातातली पळी सुपात परत ठेवली.

सागा दाराशी खाली बसून बूट घालू लागली. इल्वा तिच्यामागे जाऊन उभी राहिली.

"ते दुसरं गाजर," सागा मान वर न करता म्हणाली, "माझ्यासाठी असायचं?"

इल्वाने मान डोलावली.

"मला वाटायचं, तुला कळलंच नाही." तिने नाडी ओढली. "म्हणून तर मी यायचे."

इल्वाने तोंड उघडलं. "थ... थ..." तिच्या मानेच्या शिरा ताणल्या. सागाची बोटं नाडीवर होती. तिने गाठ मारली, दुसऱ्या बुटालाही मारली, आणि उठून निघून गेली. जिन्यावर तिची पावलं वाजली. खालचं दार उघडलं आणि आपटलं.

जिन्यातला दिवा आपोआप विझला.

"थांब," इल्वा म्हणाली. शब्द कुठेही न अडता, स्वच्छ बाहेर पडला.

"इल्वा," आतून आईने हाक मारली, "सूप गार होतंय."